सगळ्यांचा पैसा, एकाची पसंती : डेन्मार्कच्या फिल्म इन्स्टिट्यूटविषयी

जानेवारी २०२१मध्ये पणजीत भरलेल्या एक्कावन्नाव्या इफ्फीचं उद्घाटन टोमास विंटरबर्ग यांच्या 'अनदर राउंड' या चित्रपटानं झालं. त्याच महोत्सवात सुवर्ण मयूर मिळाला तो आंडर्स रेफ्न यांच्या 'इन्टू द डार्कनेस'ला. दोन्ही चित्रपट डेन्मार्कचे. तीन महिन्यांनी 'अनदर राउंड'नं सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्करही जिंकलं. या विभागातलं डेन्मार्कचं हे चौथं ऑस्कर. याआधी 'बाबेट्स फीस्ट', 'पेले द काँकरर' आणि सुसाने बिअर यांच्या 'इन अ बेटर वर्ल्ड'नं ते मिळवलं होतं. कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कारही १९८८ साली 'पेले'ला आणि २००० साली लार्स फोन ट्रिअर यांच्या 'डान्सर इन द डार्क'ला मिळालेला आहे.

आता दुसरा आकडा पाहा. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे. २०११च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख भरली होती. डॅनिश भाषा डेन्मार्क आणि त्याच्या अधिपत्याखालचा थोडा मुलूख सोडला तर फारशी कुठं बोलली जात नाही. शेजारच्या स्वीडनमध्येसुद्धा डॅनिश चित्रपट उपशीर्षकं लावून दाखवावा लागतो. म्हणजे घरची बाजारपेठ पुणे जिल्ह्याहून लहान आणि बाहेरची जवळपास नाहीच. व्यापाराच्या साध्या हिशेबानं पाहिलं तर अशा देशात चित्रपटधंदा टिकूच नये. तरीही तिथं वर्षाला २० ते २५ कथापट निघतात. बऱ्याच वर्षी देशात विकल्या जाणाऱ्या तिकिटांपैकी पाव ते एक तृतीयांश तिकिटं देशी चित्रपटांची असतात. उरलेली मुख्यतः हॉलिवूडची.

हे कसं घडतं, या प्रश्नाच्या मागे मी काही वर्षं आहे. मी कुठल्या विद्यापीठात सिनेमा शिकलेलो नाही. फिल्म सोसायटीचे खेळ आणि जमेल तशी मिळवलेली पुस्तकं एवढ्यावरच माझा अभ्यास उभा आहे. सुरुवातीला मीही उत्तर प्रतिभेत शोधत होतो : ड्रायर झाला, ट्रिअर झाला, मातीच तशी असेल! पण मेटे हियोर्ट यांचं लहान राष्ट्रांच्या सिनेमावरचं पुस्तक वाचल्यावर आणि तिथले एकामागून एक आलेले चित्रपट कायदे चाळल्यावर लक्ष दुसरीकडं वळलं. प्रतिभा कुठंही जन्मते. तिला दुसरा आणि तिसरा चित्रपट करायला मिळतो की नाही, हे मात्र व्यवस्थेवर ठरतं. डेन्मार्कमध्ये या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी एक सार्वजनिक संस्था आहे : डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूट. तिच्या रचनेत आपल्याला अगदी अनोळखी, किंबहुना थोडी धक्कादायक वाटावी अशी एक गोष्ट आहे. तिच्याकडं जाण्यापूर्वी थोडा इतिहास पाहायला हवा.

ड्रायरला मिळालेलं चित्रपटगृह

डॅनिश सिनेमाची पहिली श्रीमंती मूकपटांच्या काळातली. ओले ओल्सेन यांनी १९०६ साली 'नॉर्डिस्क फिल्म' काढली. ही कंपनी आजही चालू आहे. १९१०च्या 'द अबिस'मधून आस्टा निल्सन युरोपभर गाजली. मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. पाट्या बदलल्या की कोपनहेगनचा चित्रपट बर्लिनला आणि मॉस्कोला चाले. पहिल्या महायुद्धानं या बाजारपेठा तोडल्या आणि बोलपटानं तर दारच बंद केलं. पडद्यावरचा माणूस डॅनिश बोलू लागताच त्याचे प्रेक्षक काही लाखांवर आले.

त्या काळात सरकारची भूमिका आश्रयदात्याची कमी आणि कोतवालाची जास्त होती. सेन्सॉर होता, करमणूक कर होता आणि चित्रपटगृह चालवण्यासाठी सरकारी परवाना लागे. या परवान्याचा एक मजेशीर उपयोग होई. परवाना व्यक्तीच्या नावे मिळे आणि नफ्याची बऱ्यापैकी खात्री असे, म्हणून एखाद्या मानकरी कलावंताला चित्रपटगृहाचा परवाना देणं हा त्याच्या पोटापाण्याची सोय लावण्याचा मार्ग होता. कार्ल थिओडोर ड्रायर यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) हा त्यांचा जगन्मान्य चित्रपट झाला फ्रान्समध्ये. १९३२च्या 'व्हॅम्पायर'नंतर पुढचा कथापट करायला त्यांना १९४३ उजाडावं लागलं. मधल्या काळात त्यांनी पत्रकारी केली. पुढं सरकारसाठी लघुपट केले. त्यातला रस्त्यावरच्या बेदरकार वेगाविषयीचा १९४८चा लघुपट आजही दाखवला जातो. १९५२ साली त्यांना कोपनहेगनच्या 'डागमार' चित्रपटगृहाचा परवाना मिळाला आणि म्हातारपणी स्थिर उत्पन्न सुरू झालं. १९५५ साली 'ऑर्डेट'ला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. त्यानंतरचा 'गेरट्रूड' आला थेट १९६४ला, आणि तोच शेवटचा ठरला.

म्हणजे देशातला सर्वांत मोठा दिग्दर्शक आयुष्यभर चित्रपट करण्याची वाट पाहत राहिला आणि राज्यानं त्याला दिलं ते तिकीटबारीचं उत्पन्न. कलावंताला जगवण्याची सोय होती, पण चित्रपट करवून घेण्याची सोय नव्हती. या दोहोंतला फरक पुढच्या कायद्यांनी ओळखला.

तिकिटातून तिजोरीकडं

डेन्मार्कमध्ये १९५१ साली दूरचित्रवाणी सुरू झाली. पन्नाशीच्या दशकात वर्षाला पाच कोटींहून अधिक तिकिटं विकली जात. पुढच्या काही वर्षांत हा आकडा कोसळत गेला. १९६४च्या चित्रपट कायद्यानं त्यावर उपाय म्हणून तिकिटावर १५ टक्के आकारणी बसवली आणि तिच्यातून चित्रपटनिधी उभा केला. १९६६ साली राष्ट्रीय चित्रपट विद्यालय सुरू झालं. कल्पना सुटसुटीत होती : प्रेक्षक सिनेमा पाहील आणि त्याच पैशातून नवा सिनेमा होईल.

पण या रचनेत एक खोच होती. चित्रपटगृहं ओस पडू लागली की मदतीची गरज वाढते, आणि निधी मात्र नेमका तेव्हाच आटतो. शिवाय निधीत भर पडते ती मुख्यतः परदेशी चित्रपटांच्या गर्दीमुळं. त्यामुळं १९७२च्या कायद्यानं मोठं पाऊल टाकलं. तिकिटावरच्या आकारणीऐवजी पैसा देशाच्या अर्थसंकल्पातून येऊ लागला, चित्रपटगृहांची जुनी परवाना पद्धत मोडीत निघाली आणि डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. सिनेमाकडं पाहण्याची सरकारी दृष्टीच यामुळं बदलली. ग्रंथालय आणि नाट्यगृहाप्रमाणं सिनेमाही सार्वजनिक खर्चाचा हक्कदार ठरला, मग ते वर्ष तेजीचं असो की मंदीचं.

ही गोष्ट सर्वांना गोड वाटली असं मात्र समजू नये. १९६५ साली पेटर रिंडाल नावाच्या एका गोदाम व्यवस्थापकानं कलावंतांना सरकारी मानधन देण्याच्या नव्या कायद्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली होती आणि हजारो कष्टकऱ्यांनी तिच्यावर सह्या केल्या होत्या. आमच्या घामाचा पैसा आम्हाला न कळणाऱ्या चित्रांवर आणि पुस्तकांवर का, हा त्यांचा सवाल होता. डॅनिश भाषेत या वृत्तीला तेव्हापासून 'रिंडालवाद' असं नावच पडलं. हा सवाल अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला त्याचं उत्तर द्यावंच लागतं, आणि डॅनिश इन्स्टिट्यूटची पुढची सगळी रचना हे एका अर्थी त्याच सवालाला दिलेलं लांबलचक उत्तर आहे.

सल्लागार

पैसा आला, पण तो कुणाला द्यायचा? आपल्याकडं याचं ठरलेलं उत्तर म्हणजे समिती. सात-आठ मान्यवर बसवायचे, गुण द्यायला लावायचे आणि सरासरी काढायची. डेन्मार्कनं वेगळा मार्ग घेतला. तिथं 'चित्रपट सल्लागार' नेमले जातात आणि कुठल्या चित्रपटाला मदत मिळावी हे त्यांतला एकेक सल्लागार एकट्यानं ठरवतो. मतदान नाही, गुणपत्रिका नाही. त्याला संहिता भावली, हा दिग्दर्शक हे करू शकेल असं वाटलं, की तो शिफारस करतो. नाही भावली तर नाही.

मी वर धक्कादायक म्हटलं ते हेच. करदात्याचा पैसा आणि एका माणसाची आवड! पण या पद्धतीच्या बाजूनं जो युक्तिवाद केला जातो तो ऐकण्यासारखा आहे. समिती वाईट चित्रपट अडवू शकते, पण विचित्र चित्रपट तिच्या हातून क्वचितच सुटतो. ज्या संहितेवर दोघं फिदा आहेत आणि तिघं चिडले आहेत, तिची सरासरी मध्यम निघते. जिच्याबद्दल कुणालाच फारसं काही वाटत नाही, तिचीही सरासरी मध्यमच निघते. समितीच्या कागदावर या दोन संहिता सारख्या दिसतात. एकटा माणूस मात्र पहिलीवर पैज लावू शकतो. दुसरा मुद्दा जबाबदारीचा. समितीचा निर्णय कुणाचाच नसतो. सल्लागाराचं नाव सर्वांना ठाऊक असतं. त्यानं कशाला पैसा दिला आणि कशाला नाकारला, हे वर्तमानपत्रात छापून येतं.

अर्थात या एकट्याला मोकळं सोडलेलं नाही. त्याच्याभोवती तीन कुंपणं आहेत. पहिलं मुदतीचं. सल्लागार कायमचा नोकर नसतो. तो दिग्दर्शन, लेखन, निर्मिती किंवा समीक्षा यांपैकी कुठल्यातरी क्षेत्रातून येतो, काही वर्षांच्या करारावर काम करतो आणि पुन्हा आपल्या धंद्यात परततो. त्याची आवड एकांगी असेल, तर तिचं आयुष्यही तेवढंच. दुसरं कुंपण संख्येचं. सल्लागार एकाहून अधिक असतात. कथापटांचे वेगळे, माहितीपटांचे वेगळे, बालचित्रपटांचे वेगळे. तिसरं हिशेबाचं. अंदाजपत्रक, बाकीचा पैसा कुठून येणार, वितरक कोण, हे तपासणारे अधिकारी निराळे असतात, आणि सल्लागाराला भावलेला पण हिशेबात न बसणारा चित्रपट पुढं सरकत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पैसा देण्याचं वेळापत्रक. मदत टप्प्याटप्प्यानं मिळते : आधी संहितालेखनाला, मग विकासाला, म्हणजे जागा शोधणं, पात्रनिवड, पुनर्लेखन यांना, आणि शेवटी निर्मितीला. संहितेला पैसा मिळाला म्हणून निर्मितीला मिळेलच असं नाही. लेखकाला काही महिने घर चालवून लिहिता येतं. संहिता फसली तर ती थोड्या पैशात, कागदावरच फसते. चित्रीकरण होऊन, कर्ज डोक्यावर बसल्यावर नाही.

दुसरं दार

एका माणसाच्या पसंतीवर सगळी व्यवस्था ठेवली तर लोकांना हसवणारा, साधा, गर्दीचा चित्रपट उपाशी राहण्याचा धोका होता. डॅनिश प्रेक्षकाला 'ओल्सेन गँग'सारख्या विनोदी चोरपटांचं वेड. १९६८ ते १९८१ या काळात या मालिकेचे तेरा चित्रपट निघाले. असा चित्रपट कुणा सल्लागाराच्या कलादृष्टीला पसंत पडावा, अशी अट का असावी?

म्हणून १९८९च्या कायद्यानं दुसरं दार उघडलं. त्याला 'पन्नास-पन्नास योजना' म्हणत. निर्मात्यानं अर्धा पैसा बाजारातून उभा केला, तर ठरावीक मर्यादेपर्यंत उरलेला अर्धा इन्स्टिट्यूट देई. कलात्मक परीक्षा नाही. बाजारातला कुणीतरी स्वतःचा पैसा घालायला तयार आहे, हीच परीक्षा. पुढं या योजनेचं रूप बदलत गेलं आणि आज तिच्या जागी 'बाजार योजना' आहे. तिथं चित्रपट किती प्रेक्षकांपर्यंत पोचेल याचा अंदाज तपासला जातो. २००३ साली 'न्यू डॅनिश स्क्रीन' नावाचं तिसरं दार आलं, नवोदितांसाठी आणि प्रयोगांसाठी, कमी खर्चाचं. याखेरीज 'डीआर' आणि 'टीव्ही टू' या सार्वजनिक वाहिन्यांवर देशी चित्रपटांत पैसा घालण्याचं बंधन आहे.

१९८९च्या कायद्यानं आणखी एक गाठ सोडवली. डॅनिश चित्रपट कशाला म्हणायचं? तोवर डॅनिश भाषा ही जवळपास अटच होती. नव्या कायद्यानं ती सैल केली. डॅनिश भाषेत नसलेला पण देशाच्या चित्रपटकलेत काही खास भर घालणारा चित्रपटही डॅनिश ठरू लागला. ट्रिअर यांचे 'युरोपा' आणि 'ब्रेकिंग द वेव्हज' इंग्रजीत बोलतात, तरी ते डॅनिश सिनेमाच्या इतिहासात मोडतात ते यामुळं. भाषा हाच सिनेमाच्या अस्मितेचा एकमेव पुरावा मानण्याची सवय असलेल्या आपल्याला हे पचायला जड आहे. मलाही ते पूर्ण पटलेलं नाही. पण त्या देशानं हा प्रश्न कायद्यात स्पष्ट लिहून सोडवला, एवढं मान्य करावंच लागेल.

मुलांचा चौथा हिस्सा

१९८२च्या कायद्यातलं एक कलम मला या सगळ्या रचनेतलं सर्वांत दूरदर्शी वाटतं. चित्रपटांसाठीच्या मदतीतला २५ टक्के वाटा मुलांच्या आणि किशोरांच्या चित्रपटांसाठी राखून ठेवायचा. ऐच्छिक नाही, कायद्यानं.

याचा परिणाम दोन बाजूंनी झाला. एक म्हणजे दिग्दर्शकांची एक पिढी बालपणाच्या आणि पौगंडावस्थेच्या विषयांवर घडली. कायदा यायच्या आसपासच ही लाट सुरू झाली होती. १९८१ साली सोरेन क्राग-याकोबसेन यांचा 'रबर टार्झन' आणि निल्स माल्मरोस यांचा 'ट्री ऑफ नॉलेज' आले. पाठोपाठ १९८३ साली बिले आउगुस्ट यांचा 'झापा' आला. 'पेले द काँकरर'मध्ये बापाचा हात धरून परक्या देशात उतरणारा मुलगा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आउगुस्ट हे आधी किशोरांचे चित्रपट करून आले होते याचं नवल वाटणार नाही.

दुसरी बाजू प्रेक्षकांची. इन्स्टिट्यूटच्या पुढाकारानं देशभर शाळेच्या वेळात मुलांना चित्रपटगृहात नेण्याचा कार्यक्रम चालतो. शिक्षकांसाठी अभ्याससाहित्य तयार होतं, आणि शाळांना लघुपट व माहितीपट संकेतस्थळावरून वर्गात दाखवता येतात. सहाव्या-सातव्या वर्षापासून आपल्या भाषेतला चांगला सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहिलेलं मूल पंचविसाव्या वर्षी तिकीट काढतं. देशी चित्रपट दाखवलाच पाहिजे अशी सक्ती आज तिथल्या चित्रपटगृहांवर नाही. आपल्याकडं २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ देण्यावरून केवढा गदारोळ झाला, ते वाचकांना आठवत असेल. दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान एक खेळ, असा तोडगा शेवटी निघाला. पडदा मिळवून देणं सरकारच्या हाती असतं. पण पडद्यासमोरची खुर्ची भरायची तर तयारी वीस वर्षं आधी शाळेत करावी लागते.

मंत्र्यांचा शब्द आणि संस्थेचा नकार

मार्च १९९५मध्ये पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात सिनेमाच्या शताब्दीनिमित्त परिषद भरली होती. तिथं लार्स फोन ट्रिअर यांनी लाल पत्रकं उधळली आणि 'डॉग्मा ९५'ची घोषणा केली. कॅमेरा हातात, प्रत्यक्ष जागेवर चित्रण, वरून चिकटवलेलं संगीत नाही, असे दहा नियम. पुढं 'फेस्टन' आणि 'द इडियट्स' या १९९८च्या चित्रपटांनी ते जगभर पोचवले.

या चळवळीची आर्थिक बाजू कमी लोकांना ठाऊक असते. तत्कालीन सांस्कृतिक मंत्री युटे हिल्डेन यांनी डॉग्मा चित्रपटांच्या संचासाठी एकगठ्ठा पैसा देण्याचा शब्द दिला होता. ट्रिअर तोवर देशाचं भूषण झालेले, मंत्री अनुकूल, योजना आकर्षक. तरीही इन्स्टिट्यूटच्या रीतीत ते बसेना. कायद्याप्रमाणं प्रत्येक चित्रपटानं स्वतंत्र अर्ज करायचा आणि सल्लागारानं तो स्वतंत्रपणे वाचायचा. मंत्र्यांनी नाव घेतलं म्हणून संच मंजूर करता येत नाही. अखेर पैसा आला तो सार्वजनिक वाहिनी 'डीआर'च्या पुढाकारानं.

हा प्रसंग दोन्ही बाजूंनी वाचता येतो. संस्था नियमांत अडकली आणि देशातल्या सर्वांत गाजलेल्या चळवळीला हुकली, असं कुणी म्हणेल. मी तो उलटा वाचतो. मंत्र्यांच्या मर्जीतल्या चांगल्या माणसाला नाही म्हणणारी संस्थाच पुढं मंत्र्यांच्या मर्जीतल्या वाईट माणसालाही नाही म्हणू शकते. सरकार पैसा देणार, संचालक मंडळ नेमणार, पण कुठला चित्रपट व्हावा यात बोट घालणार नाही, हे हातभर अंतर तिथल्या सांस्कृतिक धोरणाचा कणा आहे. पैशाचा आकडा साधारण चार-चार वर्षांसाठी संसदेतल्या पक्षांच्या करारानं ठरतो. त्यात बहुधा विरोधी पक्षही असतात. त्यामुळं सरकार बदललं म्हणून मध्येच दोर कापला जात नाही.

शिवाय संस्थेनं डॉग्माला काहीच दिलं नाही, हेही खरं नाही. ट्रिअर आणि विंटरबर्ग दोघंही राष्ट्रीय चित्रपट विद्यालयातून बाहेर पडलेले, आणि दोघांचे आधीचे चित्रपट या व्यवस्थेतूनच उभे राहिलेले.

तीन संस्था, एक घर

१९९७च्या कायद्यानं तीन संस्था एकत्र केल्या : फिल्म इन्स्टिट्यूट, १९४१ साली स्थापन झालेलं चित्रपट संग्रहालय, आणि माहितीपट-लघुपटांचं वितरण करणारी तीसच्या दशकातली सरकारी चित्रपटसंस्था. कोपनहेगनच्या मध्यवस्तीत त्यांचं एक घर झालं : 'फिल्महाउस'. त्यात सिनेमाटेक आहे आणि ग्रंथालय आहे. हेनिंग काम्रे १९९८ साली या नव्या संस्थेचे प्रमुख झाले. त्यांनी आधी डेन्मार्कचं चित्रपट विद्यालय सांभाळलं होतं, मग ब्रिटनचं. त्यांनी पहिल्याच खेपेला चार वर्षांचा आराखडा मांडून सरकारकडून भरीव वाढ मिळवली. म्हणजे विलीनीकरण काटकसरीसाठी झालं नाही. विलीनीकरणाबरोबर पैसा वाढला.

संग्रह आणि निर्मिती एका छताखाली आल्याचे परिणाम आज दिसतात. २०१५ साली देशाच्या गावोगावची जुनी चित्रफीत नकाशावर शोधून पाहता येईल असं संकेतस्थळ सुरू झालं. २०१९ साली टिकून राहिलेले मूकपट डिजिटल करून सर्वांसाठी मोफत खुले करायला सुरुवात झाली. आजचा डॅनिश विद्यार्थी आस्टा निल्सनला घरबसल्या पाहतो.

इथं आपल्याकडची तुलना टाळता येत नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४चं, म्हणजे डेन्मार्कच्या पहिल्या आधुनिक चित्रपट कायद्याच्याच वर्षातलं. डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं हे संग्रहालय, फिल्म्स डिव्हिजन, बाल चित्रपट समिती आणि चित्रपट महोत्सव संचालनालय या चारही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा निर्णय घेतला आणि २०२२ साली तो अमलात आला. कागदावर हे डेन्मार्कच्या १९९७सारखंच दिसतं. फरक पायात आहे. डॅनिश इन्स्टिट्यूट संसदेनं केलेल्या चित्रपट कायद्यावर उभी आहे. संग्रह, मुलांचा सिनेमा, माहितीपट ही तिची कामं त्या कायद्यात लिहिलेली आहेत. आपलं महामंडळ ही सरकारी मालकीची कंपनी आहे. कंपनीला ताळेबंद असतो. संग्रहालय नफा देत नाही आणि देऊही नये. 'राजा हरिश्चंद्र'ची मोजकीच रिळं आपल्या हाती उरली, तेव्हा त्यांच्याकडं नफ्याच्या नजरेनं पाहणारं कुणी नव्हतं, म्हणूनच ती टिकली.

आक्षेप

या व्यवस्थेची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. तिच्यावरचे आक्षेप तिथलेच लोक रोज घेतात. साठ लाखांच्या देशात चित्रपटधंद्यातले सगळे एकमेकांना ओळखतात. आज सल्लागाराच्या खुर्चीत बसलेला माणूस उद्या अर्जदार असणार, आणि आज ज्याला त्यानं नकार दिला तो उद्या त्या खुर्चीत असू शकतो. मुदतीच्या नियमामुळं मक्तेदारी टळते, पण गोतावळा टळत नाही. २००२च्या पहिल्या दिवशी पंतप्रधान आंडर्स फो रासमुसेन यांनी नववर्षाच्या भाषणात 'रुचीचे न्यायाधीश' म्हणून तज्ज्ञांवर टीका केली, तेव्हा रिंडालचा जुना सवाल थेट राज्यकर्त्यांच्या तोंडून आला. शिवाय इतक्या मदतीची सवय झाली की निर्माते सरकारी चौकटीत बसेल तेवढंच लिहू लागतात, अशीही तक्रार आहे.

नवं संकट स्ट्रीमिंगचं आहे. घरी बसून पाहणारा प्रेक्षक तिकीट काढत नाही, आणि त्याचा पैसा देशाबाहेरच्या कंपन्यांकडं जातो. डेन्मार्कनं २०२४पासून या कंपन्यांच्या देशातल्या उलाढालीवर २ टक्के सांस्कृतिक आकारणी बसवली, आणि ज्या कंपन्या देशी निर्मितीत पुरेसा पैसा घालत नाहीत त्यांच्यावर आणखी ३ टक्के. १९६४ची तिकिटावरची आकारणी साठ वर्षांनी वेगळ्या वेशात परत आली, असं म्हणता येईल. कलावंतांचे हक्क आणि मानधन यांवरून २०२२ साली काही कंपन्यांनी तिथली नवी निर्मितीच थांबवली होती. त्यामुळं ही लढाई संपली असं समजण्याचं कारण नाही.

आपल्यासाठी काय?

मराठी भाषकांची संख्या २०११च्या जनगणनेप्रमाणं सव्वाआठ कोटींच्या वर आहे. म्हणजे आपण लहान नाही. पण हिंदी सिनेमाच्या अंगणातच राहत असल्यानं आपल्या सिनेमाची अवस्था लहान देशासारखी आहे : शेजारी बलाढ्य, पडदे त्याचे, तारेही त्याचे. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटाला मदत करत नाही असं कुणी म्हणू नये. सत्तरच्या दशकातल्या करमणूक कर परताव्यानं अनेक निर्माते तगले. पुढं दर्जानुसार अनुदान आलं. 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख, असं त्याचं रूप गेल्या दशकात होतं.

पण हे अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर, समितीनं पाहून गुण दिल्यावर मिळतं. आधी कर्ज काढा, घर गहाण टाका, चित्रपट संपवा, मग पाहू. ज्याच्याकडं गहाण टाकायला घर नाही, त्याची संहिता या दारापर्यंत पोचतच नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला (२०१४) संहितेच्या टप्प्यावर आधार मिळाला तो रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीचा, म्हणजे नेदरलँड्स या आणखी एका लहान देशाचा. मराठी कोर्टाची, मराठी शाहिराची गोष्ट. तिच्या कागदावर पहिला विश्वास परक्या भाषेच्या लोकांनी टाकला.

डेन्मार्कची व्यवस्था उचलून इथं आणता येणार नाही, आणि एका माणसाच्या हाती तिजोरी देण्याइतका परस्परविश्वास आपल्याकडं आहे असाही माझा दावा नाही. मात्र एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. अनुदानाच्या रकमेतला एक लहान हिस्सा वेगळा काढावा. दरवर्षी आठ-दहा संहितांना, लिहिण्याच्या टप्प्यावर, वर्षभर घर चालेल एवढी रक्कम द्यावी. निवड कुणी केली हे नावानिशी जाहीर करावं आणि निवडणारे दर तीन वर्षांनी बदलावेत. दहापैकी सात संहिता कपाटात पडून राहतील. डेन्मार्कमध्येही राहतात. उरलेल्या तिघांच्या लेखकांना मात्र पहिलं पान लिहिण्याआधी घराची कागदपत्रं शोधावी लागणार नाहीत.